वालूरच्या पाण्याला नावं ठेवली

८ जानेवारी
ओवीचा रिपोर्ट आला. रक्तात शिसं. मंजूनं परभणीच्या दवाखान्यातूनच फोन केला, "आई, शिसं म्हणजे पेन्सिलीतलं का गं?" माझी लेक असून हा प्रश्न. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, हे मी किती वर्गांना घोकून घेतलं असेल.
नात चार वर्षांची. दिवाळीपासून पोट दुखतंय म्हणायलीय, नीट जेवत नाही, तोंड पांढरं पडलंय. डॉक्टर म्हणाले, लहान लेकराच्या मेंदूला हे बाधतं, कुठून येतंय ते आधी शोधा.
शोधायचं काय त्यात. वालूरचं बोअरचं पाणी. स्थळ आलं तेव्हाच यांना म्हणलं होतं, तिथलं पाणी जड, डाळ शिजत नाही. "डाळीसाठी स्थळ मोडतेस का?" म्हणाले होते. विहीणबाईंना लगेच फोन केला, पाणी उकळून देत जा म्हणून.

१० जाने.
वालूरला जाऊन आले. सेलूला गाडी बदलली, दोन तास गेले. बाटली तीनदा धुऊन बोअरच्या तोटीचं पाणी घेतलं, वर चिठ्ठी चिकटवली. विहीणबाई (पुढं वि.बा.) म्हणाल्या, "ताई, आमी लग्न होऊन आलो तवापासून हेच पाणी पितोत की." मी म्हणलं, म्हणूनच. मंजूनं डोळे वटारले. वटारू दे. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.
काजळातही शिसं असतं म्हणे, म्हणून जाता जाता वि.बां.ना तेही विचारलं, घरी करता का. अंगारा कुठला लावता. सगळं वहीत टिपून घेतलं.

११ जाने.
डॉक्टरांना फोन. उकळून शिसं जात नाही म्हणे. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. हे मला कळायला हवं होतं. वि.बां.ना परत फोन, उकळू नका. "मग काय करू वो ताई?" सांगते म्हणलं.

१७ जाने.
पाणी तपासणीवाल्यांचा रिपोर्ट. क्षार भरपूर, शिसं नाही. मी म्हणलं, परत बघा. तिथली मुलगी मोठी शांत. "मॅडम, हे तोटीचं झालं. बाळ पितंय ते कशातलं?"
तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर ठेवलेलं. "त्याचंही आणा मग."
आणते की. हंडा मी दिलेला, लग्नातला. वालूरला आधी माठ होता, मीच काढायला लावला. नळाला पाणी आठवड्यानं येतं, बोअरचं असं जड, तर निदान तांब्यात तरी ठेवा म्हणलं. उपाशीपोटी एक पेला, दोन दिवसाआड चिंचेनं आतून घासायचं. कागदावर लिहून दिलंय, त्यांच्या फ्रिजला अजून चिकटवलेला आहे.
माझा संशय आता दारांच्या रंगावर, त्यातही शिसं असतं.

२४ जाने.
हंड्याच्या पाण्यात शिसं. चष्मा पुसून परत वाचलं.
मंजूला फोन, हंडा पालथा घाल, थेंब कुणाला देऊ नको. का ते नाही सांगितलं. चौकशी चालू आहे म्हणलं. शाळेत तपासणी यायची तेव्हा असं बोलायचे मी.
पण तांब्यात शिसं कुठून येणार? दुपारी कणीक मळताना डोक्यात आलं. हंडा सासूबाईंचा, जुना. बुडाशी गळायचा. लग्नाआधी कल्हईवाल्याकडून डाग देऊन भोक बुजवून घेतलं होतं. मीच नेला होता.

२५ जाने.
स्टँडामागच्या कल्हईवाल्या चाचांकडं गेले. थकलेत, पण ध्यानात सगळं. डाग कशाचा होता, विचारलं. भाता थांबवला. "शिसा मिलाके दिया था बाई. मैं पूछा था तुमना, पानी भरना है क्या." पुढं मराठीत आले. "तुमी म्हणलात, नुसतं रुखवतात मांडायचाय, चमकला पायजे, उद्याच पायजे. पाण्याचं असतं तर निव्वळ कथील लावलं असतं."
म्हणाले होते मी. आठवतंय. रुखवतात पाच तांब्याची भांडी मांडायची होती, चारच भरत होती. मांडवातल्या बायकांनी नावं ठेवू नयेत म्हणून पाचवा तो हंडा. रुखवत लेकीसोबत सासरी गेलं. पुढं वर्षभरानं तांब्याच्या पाण्याचं डोक्यात बसलं, आणि मीच म्हणलं, हंडा आहेच की घरात.
चिंचेनं घासून घासून डागच पाण्यात उतरवला.

२६ जाने.
माझ्या जुन्या शाळेत झेंडावंदन. हेडमास्तर म्हणाले, बाई, शुद्ध पाण्यावर दोन शब्द बोला. घसा बसलाय सांगितलं. अख्ख्या नोकरीत माझा घसा कधी बसला नव्हता, सगळ्यांना ठाऊक आहे.
हे म्हणाले, "फोनवर सांगून टाक." फोनवर नाही सांगायचं हे.

२८ जाने.
वालूर. जावईबापू, मंजू, वि.बा., सगळ्यांसमोर सांगितलं. हंडा माझा, डाग मी दिला, प्यायला मी लावलं, आणि नावं तुमच्या पाण्याला ठेवली. उभ्यानंच बोलले. बसले असते तर अर्ध्यात गाडी अडली असती.
वि.बा. म्हणाल्या, "ताई, मला वाटलं माज्याच हातचं कायतरी लेकराला लागलं. काजळ बंद केलं, अंगारा बंद केला. तुमी इचारून गेलात तवापासून मी ओवीला मांडीवर घेतलं न्हाई."
मला रडू आलं. विहिणीसमोर. लाज वाटली आणि थांबेचना. त्यांनी पाणी आणून दिलं, स्टीलच्या तांब्यातून. "उठा, भाकरी खाऊन घ्या. हंडा तुमचा खरा, पर रोज भरत मीच होते की."
जेवल्यावर ओवी त्यांच्याच मांडीवर झोपली.
हंडा मोडीत द्यायचा नाही ठरलं, परत कुणाच्या घरात गेला म्हणजे? जावईबापूंनी छिन्नीनं बूड फोडलं. फ्रिजवरचा कागद मी फाडला.

९ फेब्रु.
वालूरला माठ आला. इकडं आमच्या गल्लीत घरोघर फिरले, डाग दिलेली भांडी बाहेर काढा म्हणलं. तिघींकडं निघाली. चौथी म्हणाली, बाई, तुमीच सांगितलं होतं ना तांब्याचं पाणी प्या म्हणून. सांगितलं होतं. आता हे सांगते, हेही ऐक. ऐकलं तिनं.
चाचा आता प्रत्येकाला दोनदा विचारतात.

२ एप्रिल
परभणी. ओवीचं रक्त परत तपासलं. उतरलंय. असायला पाहिजे तितकं नाही, पण उतरतंय, पोट दुखायचं थांबलंय, वरणभात मागून खाते. मी म्हणलं होतंच. डॉक्टरांना विचारलं, आधी जे डोक्यापर्यंत गेलं असेल त्याचं काय? "आज नाही सांगता येणार. शाळेत जाऊ द्या, बघू."
येताना एसटीत मी खिडकीशी, वि.बा. शेजारी, ओवी मधे. कुणी न सांगता वीसपर्यंत आकडे म्हणाली. तेरा गाळला.
तेरा पुष्कळ पोरं गाळतात. पहिलीची निम्मी तरी. जन्मभर ऐकलंय मी ते, आणि दर वेळी आयांना छातीठोक सांगितलंय, काही नाही, येतं आपोआप.
वि.बां.नी माझ्याकडं बघितलं. "येईल ना वो ताई?"
येईल म्हणलं. मग ओवीला म्हणलं, परत म्हण बरं, सावकाश.