बटाटा नव्हे, बताका

अल मजाज, शारजा
१९ डिसेंबर

प्रिय समिधा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे, आणि दोन्हींच्या आधी शाबासकी घे. व्हॉट्सअॅपवर फुलं आणि अंगठे पाठवून झाले होते, पण तुझं अभिनंदन एवढ्यात उरकलं तर उझमा मला रात्रीचं वाढणार नाही. म्हणून हातानं लिहितोय. बावीस वर्षांत मराठीत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला लाल पेन लावायचा मोह आवर.

एजंटाची तक्रार निकाली निघाली, पोलिसांनी सूत्राचं नाव न मिळताच फाइल बंद केली, ही खबर शुक्रवारी दुपारी आली. मी आमच्या दहाव्या मजल्याच्या बाल्कनीत उभा होतो आणि असा ओरडलो की शेजारचा इजिप्शियन दार वाजवून विचारायला आला, सगळं ठीक आहे ना म्हणून. इन्शानं कानातले हेडफोन काढले आणि म्हणाली, ‘अब्बा, हू वन?’ तिला वाटलं मॅच आहे. मी म्हटलं, समिधा आंटी वन. संध्याकाळी खालच्या मलबारी हॉटेलातून सगळ्यांना कडक चहा आणला, खाडीच्या कडेला बसून प्यायलो. उझमाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण मी उन्हाचं कारण सांगितलं.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतोय, कारण या बाजूनं ते कसं दिसलं हे तुला कुणी सांगितलेलं नाही. जूनमध्ये अल क्वोजच्या आमच्या टायपिंग सेंटरमध्ये भिवा आला. तुला ठाऊक आहे, आमचं काम म्हणजे लोकांचे व्हिसाचे आणि कार्डाचे अर्ज अरबीत टाइप करायचे. प्रिंटर अडकला म्हणून मी त्याला अस्सल मराठीत शिवी दिली आणि काउंटरच्या पलीकडून आवाज आला, ‘साहेब, तुम्ही कोकणातले?’ अकरा जण होते ते, सगळे आपल्याच तालुक्यातले. गावच्या एजंटानं रुवैसच्या रिफायनरीत पहाड, म्हणजे परांची, बांधायचं पक्कं काम सांगून आणलेलं आणि एका खोलीत कोंबून ठेवलेलं. भिवाचा एकच प्रश्न होता, आमचा बताका कधी निघणार? बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. अरबी शब्द आहे, पण आपली माणसं तो आता मिठासारखा वापरतात. त्याशिवाय इथं ना नोकरी, ना बँक. मी त्याच्या हातातला कागद पाहिला. तो टुरिस्टचा व्हिसा होता, आणि त्याला नऊ दिवस उरले होते. बताका निघणारच नव्हता, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी त्याच आठवड्यात त्यांच्या खोलीवर गेलो, अकराही जणांशी बोललो आणि तुला फोन केला. कागद एकही पाठवला नाही, त्यांनी तोंडानं सांगितलं तेवढंच सांगितलं. आणि अट घातली, माझं नाव कुठंही येता कामा नये. आमच्या मालकाचं अर्धं काम अशाच एजंटांकडून येतं. तू जास्त काही विचारलं नाहीस. फक्त म्हणालीस, तू स्वतः भेटलास ना त्यांना? मी हो म्हटलं. तुला तेवढं पुरलं.

आणि मग तो बटाटा! तुझ्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर, चार कॉलम, ठळक अक्षरात, ‘अकरा तरुणांचा बटाटा अद्याप निघालेला नाही’. अक्षरजुळणी करणाऱ्या दियाला बताका हा शब्द चुकीचा वाटला आणि तिनं सद्भावनेनं दुरुस्त केला. मी काउंटरखाली वाकून हसलो. एजंटाच्या माणसांनी तेवढी ओळ कापून गावभर फिरवली, म्हणे बाई शेती विभागाची बातमी देते. दुसरी कुणी असती तर झाकली मूठ ठेवून गप्प बसली असती. पण तू पडलीस तू. पुढच्या अंकात चौकट, ‘शुद्धिपत्र: बटाटा नव्हे, बताका वाचावे’. ती चौकट वाचली आणि माझं हसू घशातच राहिलं. एजंट स्वतः चौदा वर्षं इकडे काढून गेलेला. तोवर त्याला वाटत होतं की गावातल्या कुणा पोराच्या बापानं तुझ्याकडे रडगाणं गायलं. हा शब्द वाचून त्याला कळलं की सांगणारा इथं बसलाय. तिसऱ्या दिवशी त्यानं तक्रार ठोकली की बातमी खोटी आहे, बाईनं सूत्राचं नाव सांगावं नाहीतर माफी छापावी. माझी नोकरी तुझ्या जिभेवर टांगलेली होती, आणि मला झोपेत तुझी जीभ दिसायची. हसू नकोस.

पुढचं मला तुमच्या संघातल्या कुबरानं सांगितलं. तिची आणि उझमाची माहेरची गल्ली एकच. पोलीस ठाण्यात कुणी एकट्यानं जायचं नाही हा तुमच्या तालुका पत्रकार संघाचा पहिला नियम, म्हणून तुझ्याबरोबर अठराच्या अठरा सभासद गेले. ठाण्यात बाकडी दोन. एरवी हीच मंडळी संघाच्या सभेत सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत एकमेकांच्या उरावर बसतात, कुणाची बातमी कुणी चोरली, कुणाचं आमंत्रण कुणी पळवलं. परेशसारखा अध्यक्ष, जो तुझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हता, तो संघाचा ठराव घेऊन पुढे उभा राहिला की ही बातमी संघाची आहे आणि हिचं सूत्र हे संघाचं सूत्र आहे. साहेबांनी विचारलं, बताका म्हणणारा माणूस कोण? तेव्हा कुबरा उठली. म्हणाली, ‘माझा नवरा अजमानला, दीर बहरीनला, आमच्यात बारकं पोरगंपण बताका बोलतंय. घ्या लिहून, सूत्र मीच.’ तिच्यामागून विघ्नेश उठला, त्याचा तर कुणीच आखातात नाही, तरी म्हणाला की सूत्र मीच. मग एकेक करून अठरा. तुला तीनदा विचारलं आणि तू तीनदा म्हणालीस की सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी आठ साप्ताहिकांनी आणि तीन पोर्टलांनी तीच बातमी छापली, ज्यानं त्यानं आपापलं नाव वर घालून. जिल्हा संघाचे वकील दोन्ही दिवस ठाण्यात ठाण मांडून बसले होते.

समिधा, मी इथं मोठाली माणसं पाहतो, काचेचे मनोरे पाहतो, पण त्या दोन बाकड्यांवरच्या अठरा जणांएवढा अभिमान मला कशाचा वाटलेला नाही. बातमी अकरा ठिकाणी छापून आल्यावर वकिलातीतून माणसं त्या खोलीवर गेली. नऊ जण सुखरूप घरी पोचले. भिवाला आणि आणखी एकाला रुवैसच्या चांगल्या कंपनीनं रीतसर घेतलं. परवा भिवाचा फोन आला, ‘साहेब, बताका निघाला!’ आणि मागोमाग फोटो, कार्डावर त्याचा तो घाबरलेला चेहरा. मी तो काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला. एका पठाणानं तर माझंच अभिनंदन केलं. एजंटाचं दुकान बंद आहे आणि आता चौकशी त्याची चालली आहे. तो बाजारात एवढंच म्हणत फिरतो की सूत्र वगैरे कुणी नव्हतंच, बाईनं घरी बसून रचलं. तुझा जीव त्यानंच जळत असणार हे मला ठाऊक आहे. तू खोटारडी नाहीस हे सिद्ध करणारा एकच माणूस जगात आहे आणि तो अल मजाजमध्ये बसून चहा पितोय.

गेल्या रविवारी परेशचा फोन आला. सहा जानेवारीला पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात तुझा सत्कार आहे, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. मग म्हणाला, लियाकतभाई, तुम्हीही या, तुमचाही सत्कार आहे. मला वाटलं त्याला बताकाचं कळलं. पण ते नव्हतं. म्हणाला, बावीस वर्षांपूर्वी रेशनच्या गोदामाची बातमी तुम्ही छापलीत, पोलिसांनी तुम्हाला एकट्याला बोलावून चार तास बसवलं आणि तुम्ही सूत्राचं नाव सांगितलं नाहीत. त्यावरूनच समिधाताईंनी संघ काढला, त्यावरूनच एकट्यानं न जायचा नियम केला. नवीन सभासद झाला की ताई त्याला आधी तुमची गोष्ट सांगतात. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी ठाण्यात बसल्यावर तू कुबराच्या कानात म्हणालीस, लियाकतनं एकट्यानं केलं होतं, मी तर अठरा जणांबरोबर आहे. मी त्याला म्हटलं नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला. चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. शेवटी काल उझमाला सगळं सांगितलं. इन्शा आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, ‘अब्बा, जस्ट टेल हर.’

तर सांगतो. त्या चार तासांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांतच मी नाव सांगितलं होतं. कुणी मारलं नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. साहेबांनी एवढंच म्हटलं की तुझा पासपोर्टचा अर्ज आमच्याकडेच तपासायला आलाय ना? आणि माझ्या तोंडून गोदामातल्या सोनू मांडवकरचं नाव निघालं, पत्त्यासकट. उरलेले पावणेचार तास मी नुसता बसलो होतो, कारण बाहेर तू फाटकाशी उभी होतीस आणि तुझ्यासमोर येण्याची हिंमत नव्हती. आठवड्यात सोनूदादाला गोदामातून काढलं. गावानं समजूत करून घेतली की गोदामवाल्यानं त्याला आपल्या पेपरच्या ऑफिसात पाहिलं असेल, आणि मी ती समजूत तशीच राहू दिली. दोन महिन्यांत मी विमानात बसलो. तू मात्र माझ्या त्या खोट्या धीरावर खरा संघ उभा केलास, आणि त्या संघानं जूनपासून आजवर मला, त्याच भित्र्या माणसाला, जिवापाड लपवलं. माझा राग कर, तुझा हक्क आहे. पण मला आज, खरं सांगतो, बावीस वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय. आज सकाळी मालकाच्या केबिनमध्ये गेलो आणि एजंटाची बातमी मीच दिली म्हणून सांगून टाकलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, ‘खलास. अब क्या बोलूँ? पंद्रह दिन की छुट्टी लो, लेकिन वापस आना हबीबी, अरबी टाइपिंग कौन करेगा?’ तीन तारखेचं तिकीट काढलंय. माझा सत्कार रद्द कर आणि त्या वेळात मला माईक दे, ही गोष्ट त्या अठरा जणांना मीच सांगणार. एजंटाच्या चौकशीत जबाबही देणार. आणि जानेवारीच्या अंकात छाप की बताकाची बातमी देणारा माणूस आहे, त्याचं नाव लियाकत होडेकर. यासाठी कुणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही, तुझ्यावरही कुणाला करता आली नाही, म्हणूनच मी ते खुशीनं देतोय. सोनूदादा जेट्टीवर जाळी विणतो असं कुबरा सांगते. गावात उतरलो की आधी त्याच्या दारात जाणार. तो मला आत घेईल की हाकलेल, मला माहीत नाही. गोदामाची बातमी ज्यानं दिली त्याचंही नाव आता तुझ्या अंकात यावं असं मला फार वाटतं, पूर्ण, आडनावासकट. पण या वेळी त्याला विचारून.

इतकी वर्षं नावापुरता आणि आता नावानिशी तुझाच,
लियाकत