निकिता मोठी झाल्यावर

उमरखेड,
१८ जानेवारी २०२५

प्रिय अंकुर,

अनेक आशीर्वाद. आई-बाबा बरे असतील. नेरला तुरीच्या शेंगा निघाल्या असतील आणि तू दुकानात गिऱ्हाइकांचे मोबाइल उघडे टाकून उकडलेल्या शेंगा फस्त करत असशील. माझे मेसेज बघतोस पण उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. हे तरी खिशात राहील.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी आता लिहिणं-वाचणं शिकवते. वर्गात निकिता आहे, जवळच्या तांड्यावरची, आठ वर्षांची, तुझ्याएवढीच हट्टी. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, पुस्तकात मराठी, आणि हिला दोन्ही ऐकू येत नाहीत. तरी दिवाळीपर्यंत चाळीस शब्द लिहायला लागली! ‘भाकर’ बरोबर लिहिली की माझ्या डब्यातली भाकर तिची, असा आमचा करार. मी बरेचदा उपाशी राहिले.

मग एकाएकी तिने पेन्सिल टाकली. तिची आई रुपीबाई घाबरून शाळेत आली. “बाई, पोरगी पाटीले हात नाही लावून राह्यली. काहून?”

मी खुणांनी निकिताला विचारलं. तिने ऐटीत सांगितलं, मोठी झाले की मला ऐकू येईल, मग लिहू कशाला?

तिचं काय चुकलं रे? तिने पाहिलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ऐकू येतं. ऐकू न येणारी सगळी लहान पोरंच. मी समजावलं, तर माझ्या कानाकडे बोट दाखवून हसली.

तेव्हा तू आठवलास, गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून भांडणारा. आणि माझी मलाच लाज वाटली. माझ्या लग्नात नवरदेवाची कानपिळी करायला सख्खा भाऊ असताना मी मावसभावाला उभं केलं. तुला दागिन्यांच्या पेटीजवळ बसवलं. सासरच्यांनी तुझे हातवारे बघू नयेत म्हणून. सहा वर्षं मी ‘घाईत राहून गेलं’ म्हणतेय. राहून गेलं नव्हतं, मी ठरवून केलं होतं. मला माफ कर.

पुढच्या शनिवारी येशील? निकितासमोर बसून पेपर वाच, तिच्याशी पाटीवर भांड. माझं ती ऐकणार नाही, तुला बघून कदाचित पेन्सिल उचलेल. वर्गात, रुपीबाईसमोर, सगळ्यांसमोर, मी हातांनी सांगणार आहे: हा माझा भाऊ. मोठा झाला. याला ऐकू येत नाही. हा वाचतो.

चुकलेली, तरी तुझीच,
अर्पिताताई