बादलीतला ठिपका

प्रिय चिमणे,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे सुटलेल्या बसला हात करणं. 'बाबा, मीटिंगमध्ये आहे' एवढं ऐकू येतं आणि बस गेलेली असते. म्हणून हे पत्र. निदान ते मधेच तुटणार नाही.

रविवारी येतेस म्हटल्यापासून तुझ्या आईचे पाय जमिनीला लागत नाहीत. तुझी गादी उन्हात घातली, खिडक्या पुसल्या, दुखऱ्या गुडघ्यांना दम दिला की पोरगी परत जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, लेक येतेय की राणी? तर म्हणाली, 'तुम्ही आपली इंजिनं उघडा.' तिच्या ऑपरेशनला तुला सुट्टी मिळाली नव्हती, हे ती विसरली. माझ्या डोक्यात मात्र गंजलेल्या बोल्टसारखं रुतून बसलंय. आत्याबाईसाठी तुला सुट्टीही मिळाली आणि कॅमेरेवालेही.

पाठीवर यंत्र चिकटवून सोडलेल्या त्या कासवीला तू आत्याबाई म्हणालीस, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. अगदी माझी बहीण! चालणार सावकाश, पण जाणार मनात असेल तिथेच. ते यंत्र उपग्रहाशी कसं बोलतं, नकाशावर तिचा ठिपका कसा उमटतो, खाऱ्या पाण्यात बुडालं की गप्प कसं होतं आणि ती श्वासाला वर आली की पुन्हा कसं बोलतं, सगळं तू मला समजावलंस. होड्यांची इंजिनं मी उघडून उघडूनच शिकलो, मला कुणी शिकवलं नव्हतं. लेकीकडून शिकताना ऊर भरून आला होता.

मग तुम्ही कासववाल्यांनी ते ठिपके सगळ्या होडीवाल्यांच्या फोनवर दिलेत. ठिपका दिसेल तिथे जाळं टाकू नका. हेतू सोन्यासारखा, पण धक्क्यावर येऊन एकदा बसायचं तरी होतंस. इथे लोक म्हणाले, कासव चरतंय तिथे मासळीही असणारच. तुझा धाकटा भाऊ तर म्हणाला, 'ताईनं घरबसल्या वाट दाखवली, देव तिचं भलं करो.' हे सांगायलाच मी फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस.

आणि परवा तूच आपणहून फोन केलास. 'बाबा, आत्याबाई आपल्या खाडीतच रमलीय, माहेरी आलीय!' सकाळ-संध्याकाळ तो ठिपका बघते म्हणालीस, रविवारी कॅमेरेवाल्यांना घेऊन तिला दाखवायला येते म्हणालीस. कासवी म्हणे नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. तुझं उलटंच, तू नुसत्या नजरेनं आईबाप सांभाळतेस. तेही ठिपका आमच्या दाराशी असला तर.

आता खरं लिहितो. आत्याबाई नाही. तुझ्या त्या फोनच्या आठवडाभर आधीच तुझ्या भावाच्या जाळ्यात अडकली, श्वासाला वर येता आलं नाही, गुदमरून मेली. ठिपका बघूनच त्यानं जाळं टाकलं होतं. तिला समुद्रात सोडलं आणि पाठीवरचं यंत्र काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. 'ताईला सांगू नका' म्हणत एवढा दाढीवाला माणूस लहानपणीसारखा मुसमुसला. मी यंत्र बंद करायला घेतलं आणि तेवढ्यात तुझा निरोप आला, 'बाबा, ती घराकडे वळलीय, मी रोज बघतेय.' माझा हात थांबला. बादलीभर समुद्राचं पाणी आणलं. यंत्र बुडवायचं, थांबायचं, श्वासापुरतं वर काढायचं, पुन्हा बुडवायचं. इंजिनं उघडी टाकून मी तेवढंच करत बसलो. तुझी आई म्हणाली, 'म्हातारचळ लागला.' तिला काय सांगू, की आपली लेक रोज घराकडे बघतेय आणि ते मला थांबवायचं नाही? पण तू कॅमेऱ्यांसमोर रिकामी खाडी दाखवत उभी राहशील, हे काही माझ्याच्यानं बघवणार नाही. आज यंत्र बंद केलं, बादली ओतून दिली. भावाचा कान तू धर, माझा धरायचा असेल तर तोही पुढे करतो. तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही, ती आत्ताही तुझी उशी बडवतेय. नकाशावर आता इथे काही दिसणार नाही. घर आहे तिथेच आहे. ठिपक्याशिवाय सापडलं, तर रविवारी ये.

तुझाच,
इतके दिवस आत्याबाई झालेला
बाबा