धाकटीला न विचारता

४ मार्च, मंगळवार

मुलाकडे परदेशात आलेय. आज सुनेबरोबर मोठ्या दुकानात गेले. दुकान कसलं, गोदामच ते. ‘काय देऊ?’ म्हणून विचारणारं कुणी नाही. लोक गाडी ढकलत येतात, हाताने माल काढतात, हातानेच पिशवीत भरतात. सव्वीस वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या बाईने इथे नेमकं कुठे उभं राहायचं?

साबणाच्या शेजारी मैदा ठेवलाय. मैद्याला साबणाचा वास लागतो. हे धाकटी पहिल्या आठवड्यात शिकली होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ, आणि दुकानातला माझा दुसरा हात.

सून म्हणाली, “आई, तुम्ही खरेदीला आलाय की तपासणीला?”

६ मार्च, गुरुवार

आज एकटी. पुलापलीकडचं दुकान. तिथे तांदूळ सुटा मिळतो, मोठमोठ्या डब्यांत. जीव भांड्यात पडला. सवयीने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला — वरचा माल दाखवायचा असतो, खरा तळाशी. दोन दाणे दाताखाली फोडले. जुना होता, चांगला होता. मागे वळते तर दुकानातला माणूस उभा. काय बोलला ते कळलं नाही, पण रागावलाय हे कळायला भाषा लागत नाही. माझ्यादेखत त्याने अख्खा डबा कचऱ्यात रिकामा केला.

मुलगा म्हणाला, “आई, इथे हात लावत नाहीत.”

“मग माल कळतो कसा?”

“वर लिहिलेलं असतं.”

लिहायला काय, आम्हीही लिहायचो.

७ मार्च

धाकटीला फोन लावला. उचलला नाही. मग तिच्या भावाच्या घरी लावला, ती आता तिथे असते. भावजय म्हणाली, “त्या बाहेर गेल्यात.”

१२ मार्च, बुधवार

शाळेमागच्या गल्लीत छोटंसं दुकान सापडलं. कांदे, बटाटे, डाळी, झाडू, मेणबत्त्या, सगळं एका खोलीत. आणि तराजू! दोघी बायका चालवतात. एक माझ्या वयाची, दुसरी दहाएक वर्षांनी लहान. आधी वाटलं बहिणी. पण तोंडावळा जुळत नाही आणि भांडण मात्र जुळतं — म्हणजे जावाच असणार.

बोट दाखवून बटाटे मागितले. लहानीने वजन केलं आणि वर दोन बटाटे टाकले. मोठीने न बघता ते दोन्ही काढले. मोठी पिशवी आणायला वाकली तशी लहानीने एक परत टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं. बाहेर येऊन पायरीवर बसले, तेव्हा हसू राहिलं नव्हतं.

मीही तिचा हात असाच तराजूवरून बाजूला करायचे. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, “झुकतं माप द्यायला दुकान तुझ्या बापाचं आहे का?” गिऱ्हाइकं मात्र तिच्याच हातून माल घ्यायची, मी मोकळी बसलेली असले तरी.

१३ मार्च

फोन. “त्या बाहेर गेल्यात.”

१५ मार्च

फोन. बाहेर. रोज कुठे जाते ही बाई? घरातच असेल, फोनशेजारी बसून ‘नाही सांग’ म्हणून मान हलवत असेल. मीही तेच केलं असतं.

२० मार्च, गुरुवार

लिहूनच टाकते.

दीर गेले, त्यानंतर ती दुकानात आली. पाव किलो आणि पाऊण किलो यांत घोळ घालायची. वर्षभरात अशी तयार झाली की मी आजारी पडले तरी शटर वेळेवर वर जायचं. पण कागदावर दुकान माझं होतं. मुलगा बोलवत होता, गुडघे बोलत होते, विकत घेणारा दारात आला. मी होय म्हणून बसले. तिला आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस काढले. शेवटी तेलवाल्याने तिलाच विचारलं, “पुढच्या महिन्यापासून डबे नकोत ना, वहिनी?”

तिने त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर म्हणाली, “मला विचारायचं तरी, ताई.”

बस, एवढंच. मी भांडणाची तयारी करून बसले होते, कंबर कसून. ती फळीवरचे डबे पुसायला लागली.

तिचा वाटा तिला पोचता केला. वाटा दिला म्हणजे विचारलं, असं होत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

२६ मार्च, बुधवार

मुलाला सांगून टाकलं — मी परत जाते. एखादा लहानसा गाळा भाड्याने घेऊ, मी आणि धाकटी. तिने तरी भावाच्या दारात किती दिवस पडून राहायचं? या वेळी गल्ल्यावर तीच बसेल. मी डाळी निवडीन.

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. “काकूला विचारलंस?”

“विचारणार आहे.”

“म्हणजे याही वेळी आधी ठरवलंस.”

सून म्हणाली, “अहो, गप्प बसा.” पण तो खोटं बोलला नव्हता.

२७ मार्च

फोन लावला नाही. धीर झाला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सुनेच्या फोनवरून थेट धाकटीलाच लावला. नंबर ओळखीचा नाही म्हटल्यावर उचलेल असं वाटलं. पहिल्याच घंटेला उचलला.

“बोला, काय पाठवू?”

मागे कुणीतरी साखर मागत होतं, शेंगदाणे भाजलेले की कच्चे असं कुणीतरी विचारत होतं. “बोला लवकर, लोक खोळंबलेत.”

“मी आहे,” म्हटलं.

तिने आधी साखर तोलली. मी ऐकत राहिले.

“ताई, दुकानात गर्दी आहे. रविवारी करा. रविवारी मी बंद ठेवते.”

सव्वीस वर्षांत आमचं दुकान एकाही रविवारी बंद नव्हतं.