कस्टर्ड मुरायला चार आठवडे

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९.
सहा बाटल्या भरल्या. कस्टर्डचा स्वाद, थोडा व्हॅनिला, किंचित कॅरॅमल. ग्लिसरीन मोजून, निकोटिन हातमोजे घालून. निकोटिनची मोठी बाटली परत फ्रीझरमध्ये, मटारच्या मागे, दोन पिशव्यांत. चूक होणं शक्य नाही. शाळेत गणितात मी दुसरी होते.

मार्चमध्ये नवऱ्याच्या, व्हर्जिलच्या हृदयात जाळी बसवल्यापासून त्याची सिगारेट बंद. आता वेप, म्हणजे वाफ ओढायची नळी. तिच्यात भरायचा दुकानातला ज्यूस म्हणजे रंगीत पाणी, आणि किमतीबद्दल न बोललेलं बरं. घरचा मुरवावा लागतो. अंधारात, चार आठवडे, एक दिवसाआड हलवून. मग तो मधासारखा गडद होतो आणि घसा खरवडत नाही. बाबांच्या कोठारात तंबाखूची पानं अशीच महिनोन्‌महिने टांगलेली असायची. केंटकीच्या माणसाला मुरवणं शिकवावं लागत नाही.

बाटल्यांवर फक्त तारीख टाकली. नाव नाही. चर्चच्या बायका कोठीच्या कपाटापर्यंत बिनदिक्कत येतात. अकरा वर्षांपूर्वी मी सगळ्या चर्चसमोर उभी राहून साक्ष दिली होती की देवाने एका रात्रीत माझी सिगारेट सोडवली. तेव्हापासून पास्टर डेल दर वर्षी मला उभी करतात. मी ओढत नाहीच. पण मुरलंय की नाही हे चव बघितल्याशिवाय कसं कळणार? लोकांना एवढा फरक समजत नाही.

२२ ऑक्टोबर.
बाटल्या माझ्या व्हॅनिलाच्याच जुन्या, तपकिरी. धुऊन ठेवलेल्या. घरचा व्हॅनिला मी आठ महिने वोडकात मुरवते. आमच्या काउंटीत दारूबंदी, म्हणून वोडका शेजारच्या काउंटीतून आणते, काळा चष्मा लावून. ती फक्त केकपुडिंगसाठी, देवाला माहीत आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला चर्चमध्ये केळ्याचं पुडिंग असतं, त्यासाठी दर वर्षी एक बाटली माझी. माझ्या व्हॅनिलाशिवाय ते पुडिंग होऊच शकत नाही.
डावी फळी ज्यूस. उजवी फळी व्हॅनिला. पद्धत बिनचूक.

२८ ऑक्टोबर.
चव बघितली. कच्चं. घशात मिरपूड. खात्रीसाठी सहा वेळा बघितली.
निश्चय: यापुढे आठवड्यातून एकदाच.

३० ऑक्टोबर.
आठवड्यातून एकदा बघून रंगाचा आणि चवीचा मेळ कसा लागणार? रोज सकाळी एकदा. नोंद ठेवण्यापुरती.

७ नोव्हेंबर.
सकाळी आणि संध्याकाळी. हवामानाचा परिणाम तपासायला.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
चार आठवडे झाले. असा रंग दुकानात मिळणार नाही. व्हॅनिलापेक्षाही गडद. व्हर्जिल म्हणाला, माझ्यासाठी करतेस ना गं, मग मला मिळणार कधी? मी म्हटलं, तपासणी पूर्ण झाली की. हसत बसला. या माणसाला कशाचं गांभीर्य नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४.
डाव्या फळीवर पाच.
पुन्हा मोजल्या. पाच.
व्हर्जिलला विचारलं. म्हणाला, अगं हो, तू दातांच्या डॉक्टरकडे गेलेलीस तेव्हा ट्वायला येऊन गेली. पुडिंगसाठी व्हॅनिला मागत होती, दिली एक. (ट्वायला म्हणजे त्याची बहीण. माझी नणंद आणि चर्चच्या स्वयंपाकघराची राणी.) मी विचारलं, कुठली दिलीस? म्हणाला, सगळ्यात काळी. जितकी काळी तितकी मुरलेली, तूच तर सांगत असतेस.
मी खाली बसले. स्टूल नव्हतं, जमिनीवर बसले.

दुपारी ४.४०.
बाटलीत साठ मिली. मिलीला बारा मिलिग्रॅम निकोटिन. एकूण सातशे वीस. जेवायला एकशे चाळीस माणसं. माणशी पाच. मोठ्या माणसाचं ठीक आहे, मळमळेल. पण लहान मुलं? आणि ब्रदर ऑर्बिन? वय नव्वद, छातीत पेसमेकर, आणि पुडिंग नेहमी तीनदा घेतात. तीन पाचे पंधरा. पेन्सिल मोडली.
निकोटिनच्या बाटलीवर विषबाधेची लक्षणं लिहिली आहेत: घाम, मळमळ, छातीत धडधड. तिन्ही मला आत्ताच होताहेत.

व्हर्जिल म्हणतो, ट्वायलाला फोन कर आणि सांग बाटली चुकली. आणि बाटलीत काय होतं म्हणून विचारलं तर? तो म्हणतो, तर ते सांग. पुरुषांना सगळं सोपं वाटतं. ट्वायलाला सांगणं आणि चर्चच्या घंटेला सांगणं एकच.
प्रार्थना केली. देवा, बाटली परत येऊ दे, कोणालाही न कळता. ‘कोणालाही न कळता’ दोनदा म्हटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार.
फोन केला. सहज बोलावं तसं म्हटलं, ती बाटली जुनी झालीय गं, खराब असेल, बदलून देते. ट्वायला म्हणाली, व्हॅनिला कधी खराब होत नाही, मागच्या महिन्यात तूच आम्हाला पाऊण तास समजावलंस. मी म्हटलं, तरी पण. ती म्हणाली, तू नको काळजी करूस बाई, ती बाटली लागली कामी.
लागली कामी!
जेवण रविवारी, आणि बुधवारीच लागली कामी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.
योजना: चर्चचं स्वयंपाकघर साफ करायला मदत करते म्हणायचं, बाटली शोधायची, खऱ्या व्हॅनिलाशी बदलायची. साधी, निर्दोष योजना.

दुपारी.
सगळी कपाटं पुसली. तिथल्या बायका म्हणाल्या, सिस्टर ग्लेना, आज काय अंगात आलंय तुमच्या? बाटली कुठेच नाही. रिकामीसुद्धा नाही. म्हणजे सगळी संपवली. एका थेंबाची कसर ठेवली नसणार, ट्वायलाचा हात सढळ.
पर्समधला खरा व्हॅनिला काढून दिला. ट्वायलाने घेतला, थँक यू म्हणाली, आणि दुसऱ्या बायकांकडे बघितलं. का बघितलं?

२३ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.
पुडिंग तयार आहे. आठ ट्रे, फॉइल लावून, चर्चच्या फ्रिजमध्ये. फुलं ठेवायच्या निमित्ताने गेले. प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात बोट घातलं, चाटलं, जागा चमच्याने सारखी केली. पहिल्याच ट्रेला जिभेला मुंग्या. तिसऱ्याला कानशिलं तापली. आठव्याला फ्रिजचं दार धरून उभी राहिले. आठही ट्रे विषारी आहेत. शंकाच नको.

४.३०.
घरी व्हर्जिलने त्याच्या रक्तदाबाच्या यंत्राने माझी नाडी बघितली. एकशे अठरा. म्हणाला, चर्चच्या आवारात गाडीत बसून किती ओढलीस? ओढली नाही. आत जाण्याआधी धीर यावा म्हणून चव बघितली. दहाबारा वेळा. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

निश्चय: उद्या ट्रे वाढायला नेताना एकेक हातातून निसटेल. आठ अपघात. लोक म्हणतील, म्हातारी झाली बिचारी. चालेल. साक्ष तरी शाबूत राहील.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५.
क्रमाने लिहिते.
पहिला ट्रे निसटला. ठरल्याप्रमाणे. ट्वायला म्हणाली, असू दे, सात आहेत. दुसरा निसटला. ट्वायलाने माझ्या हाताला धरून मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, ग्लेना, आता तू हलायचं नाहीस.
मग बसल्या जागेवरून बघत राहिले. टर्की संपली. मका संपला. मुलं आधी पुडिंगच्या रांगेत. लाल फ्रॉकवाली चार वर्षांची पोर सगळ्यात पुढे, हातात स्वतःचा चमचा घेऊन. तिच्यामागे ब्रदर ऑर्बिन, काठी टेकत. पोरीने वाटी पुढे केली.
मी खुर्चीवर चढले. मी ओरडले, खाऊ नका, त्यात निकोटिन आहे.
असं ओरडल्यावर लोक गप्प होतात आणि पुढचं ऐकायला थांबतात. मग पुढचं सांगावं लागतं. फ्रीझर सांगितला. मटार सांगितले. चार आठवडे अंधारात मुरवणं सांगितलं, ते जरा लांबलं. तरी कोणी बसा म्हणेना. मग साक्ष खोटी असल्याचं सांगितलं. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी खरी होती, मार्चपासून खोटी आहे. दिवसातून वीस वेळा ओढते, हे सांगितलं. खरं तर तीस. वोडका कोणी विचारलीही नव्हती, तीही सांगितली.
पास्टर डेलच्या हातातला पाव तसाच.
मग ट्वायला म्हणाली, खाली उतर ग्लेना, पडशील. पुडिंगमध्ये दुकानातला व्हॅनिला आहे. तुझी बाटली मंगळवारीच सिंकमध्ये ओतली. तुझी आम्ही दर वर्षी ओततो.
मी विचारलं, दर वर्षी? ती म्हणाली, दारूचा भपकारा येतो गं त्याला. नऊ वर्षं झाली.
ब्रदर ऑर्बिन म्हणाले, म्हणजे खायचं ना आता? आणि वाटी पुढे केली.
सगळ्यांनी खाल्लं. फार चांगलं झालंय म्हणाले.

नंतर भांडी घासताना मी ट्वायलाला विचारलं, मग घ्यायचात कशाला? तिने घासलेलाच ट्रे पुन्हा घासायला घेतला. म्हणाली, तू इतक्या हौसेने आणायचीस.

१ डिसेंबर, रविवार.
प्रार्थनेला गेले. सगळ्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. पास्टर डेल म्हणाले, मंगळवारी या, बसून बोलू. ट्वायला म्हणाली, मीही येते सोबत.
दाराशी नाताळच्या जेवणाची यादी लावली होती. कोणी काय आणायचं. प्रत्येक बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं: हॅम, रताळी, ॲपल पाय, घेवडा. माझ्या नावापुढे आधीच लिहून ठेवलं होतं, ट्वायलाच्या अक्षरात. कागदी प्लेट्स.
तसं बघितलं तर सगळ्यात जबाबदारीचं काम तेच. प्लेट नसेल तर कोणी जेवूच शकणार नाही. उद्याच जाऊन जाड बघून आणते.