उजव्या सिंहाचे चौथे बोट

मी, लाउरिट्स येन्सन बॉये, वय ब्याऐंशी, पूर्वीचा धंदा होडीसुतार, राहणार सोनरकिले, एरो बेट, हा कागद स्वतःच्या हाताने, भर दुपारी, शुद्धीत लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण शेजारी होल्गर याबाबत शंका काढल्याशिवाय राहणार नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारी एकच होती, माझी बायको मेथा, आणि तिला जाऊन चार वर्षे झाली. याआधीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात एक गोष्ट लपवलेली होती.

कलम १. राहते घर, आतील सामानासह, माझी एकुलती एक मुलगी विबेके हिला द्यावे. ती ओदेन्सला असते आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. माझी हरकत नाही. मात्र घेणाऱ्याला तिने खरे सांगावे की बंदराकडच्या खिडकीतून वारा येतो. मी ती तीनदा दुरुस्त केली आणि तिन्ही वेळा मेथाला सांगितले की आता येत नाही.

कलम २. बँकेत जे असेल तेही विबेकेचे. त्यातून माझ्या दफनानंतरची कॉफी द्यावी. हेरिंग मासा बरणीतला आणू नये. माझ्याबद्दल बोलायला उठेल त्याने "प्रामाणिक माणूस" हे शब्द वापरू नयेत. ही विनंती नाही, अट आहे.

कलम ३. वल्ह्यांची होडी शेजारी होल्गर याला द्यावी. सतरा वर्षे तो ती न विचारता नेतो आहे, तेव्हा त्याला फरक जाणवायचा नाही. तळाला एक फट आहे. ती कुठे आहे हे त्याला सांगू नये.

कलम ४. मेथाचा राय धान्याच्या पावाचा पत्र्याचा लांबट साचा विबेकेला द्यावा, पण त्यात तिने पाव भाजू नये. त्याचे कारण पुढे येते, आणि तिथपर्यंत पोचायला मी वर होडी नि हेरिंग लिहीत वेळ काढला, हेही मान्य करतो.

कलम ५. आमच्या चर्चमध्ये वेदीकडे नाळ, म्हणजे पुढचे टोक, करून छताला टांगलेले 'तीन बहिणी' हे छोटे लाकडी जहाज मी आणि एस्किल्ड क्रोमान यांनी मिळून केले, असे खालच्या पाटीवर कोरलेले आहे. सांगाडा, डोलकाठ्या, दोर माझे. मागच्या भागावरची नक्षी, म्हणजे दोन सिंह, फुलांच्या माळा आणि खिडक्यांच्या चौकटी, असे बारा तुकडे एस्किल्डचे. एस्किल्ड माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि या बेटावर त्याच्यासारखे कोरणारा दुसरा झाला नाही. मूळची 'तीन बहिणी' त्याच्या वडिलांची होती. तो नऊ वर्षांचा असताना ती वादळात खडकावर गेली आणि वडील सापडले नाहीत. तिच्या सांगाड्यातली ओकची एक बरगडी तेवढी किनाऱ्याला लागली. ती साठ वर्षे त्याच्या शेडमध्ये पडून होती. बारा तुकडे त्याने त्या बरगडीतून कोरले. दोन हिवाळे लागले.

ओक जड. मी जहाज शेडमध्ये दोराला टांगून पाहिले तर मागची बाजू खाली बसली आणि नाळ आढ्याकडे बघू लागली. नाळेत शिसे घालून तोल साधता आला असता, पण चर्चच्या जुन्या तुळईला तेवीस किलोंच्या वर भार नको असे समितीने लिहून दिले होते, आणि आम्ही आधीच काठावर होतो. मी एस्किल्डला बोलावले.

"शेपूट बसतंय रे हिचं. नक्षी मागून पोखर थोडी."

"पोखरायला तो काय भोपळा आहे? बाबांच्या जहाजाचं लाकूड आहे ते."

"मग बारीक तरी कर."

"तू तुझं जहाज बारीक कर. पोट सुटलंय त्याचं, तुझ्यासारखं."

आम्ही हसलो. तो घरी गेला. तुकडे सोनेरी मुलामा द्यायला माझ्याकडे राहिले. चर्चमधल्या समारंभाला नऊ दिवस उरले होते आणि बिशप येणार होते. एस्किल्डशी भांडायला हवे होते. वीस मिनिटांचे भांडण झाले असते. मी ते टाळले.

मी मेथाचा पावाचा साचा घेतला, त्यात एस्किल्डचे तुकडे मांडून वरून सिलिकॉन रबर ओतले. रबर घट्ट झाल्यावर तुकडे काढून घेतले आणि उरलेल्या पोकळ्यांत रेझिन, म्हणजे घट्ट होणारे पातळ प्लास्टिक, ओतले. नुसते रेझिनही जड पडते, म्हणून त्यात पोकळ काचेच्या गोळ्यांची पूड मिसळली. ती इतकी बारीक असते की पीठ वाटावे आणि हलकी इतकी की शिंकलात तर निम्मी उडून जाते. तिने वजन उतरते, पण मिश्रण लापशीसारखे होते आणि त्यात हवा अडकते. म्हणून बोटे, नाक, पाकळ्यांची टोके अशा बारीक जागी आधी पातळ रेझिन ब्रशने लावून हवा हाकलायची आणि मग ओतायचे. अकरा तुकड्यांना मी तसे केले. बाराव्या वेळी हातातला कप गरम व्हायला लागला होता, म्हणजे रेझिन घट्ट होण्याच्या बेतात होते. मी तसेच ओतले. तो उजवा सिंह.

बाहेर काढला तेव्हा पुढच्या पंजाचे चौथे बोट नव्हते. तिथे वाटाण्याएवढा खळगा होता. मी त्यावर सोनेरी रंग मारला.

मेथा स्वयंपाकघरातून आली. "माझ्या पावाच्या साच्यात काय ओतलंस?"

"कामाचं आहे."

"हे एस्किल्डचे सिंह ना? मग हे दुसरे कसले?"

मी सांगितले. ती खुर्चीवर बसली. "आज जाऊन सांग त्याला. उद्या जड जाईल."

तिचे खरे झाले. खऱ्या ओकचे तुकडे मी बिस्किटांच्या निळ्या डब्यात घालून कपाटावर ठेवले. समारंभानंतर सांगू असे ठरवले होते. जहाज वर चढले आणि पाण्यावर असावे तसे सरळ राहिले. एस्किल्ड टोपी हातात घेऊन खाली उभा होता. सगळ्या गावादेखत तो म्हणाला, "आज बाबा घरी आले." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बघ, जड नव्हतंच ते. तू उगाच घाबरवत होतास." बिशपांनी त्याचा हात हातात घेतला. आणि त्याचे वडील माझ्या कपाटावर बिस्किटाच्या डब्यात होते.

हे लिहिताना माझे कान तापले आहेत. पण याहून लाजिरवाणे पुढेच आहे.

दोन वर्षांनी जहाजावरची धूळ काढायची होती. एस्किल्ड शिडीवर, मी शिडी धरून खाली. तो मागच्या नक्षीवर फडके फिरवत होता.

"लाउरिट्स, उजव्या सिंहाला चौथं बोट नाही."

"तुटलं असेल."

"तुटलेलं नाही. तुटलं तर कड दिसते. हे केलंच नाही मी. वर गुळगुळीत सोनं आहे." मग तो म्हणाला, "माझ्या हाताला कळलंच नाही?"

तेव्हा बोलायचे होते. शिडी माझ्या हातात होती, तो कुठे जाणार होता? आणि मी काय म्हणालो ते या कागदावर राहू दे. मी म्हणालो, "असू दे रे. वय झालं. खालून कोणाला दिसतंय?"

महिन्याभराने तो कॅनव्हासच्या गुंडाळीत त्याच्या कोरायच्या बत्तीस पटाशा घेऊन माझ्या दारात आला. "घे. तुला उपयोग होईल. बाबांच्या लाकडावर ज्याचा हात चुकतो त्यानं थांबावं." मी नको म्हणालो. तो ठेवून गेला. त्यानंतर त्याने लोणी कापण्यापलीकडे सुरी हातात धरलेली नाही. दर रविवारी तो पत्ते खेळायला येतो आणि पत्ते वाटताना स्वतःच्या बोटांकडे बघतो. त्याचा हात कधीच चुकला नव्हता. चूक माझ्या घाईची होती, आणि नऊ वर्षे ती त्याने आपली म्हणून वागवली.

मेथा शेवटपर्यंत विचारत राहिली. दवाखान्यातही नर्स बाहेर गेली की विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "रविवारी." शेवटच्या दिवशी तिने विचारलेच नाही. मान भिंतीकडे वळवली. मी ते थकव्यामुळे असे धरून चाललो आहे.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर आमच्या चर्चच्या पाद्री गुन्वोर थाय्सन यांनी निळा डबा आणि पटाशांची गुंडाळी एस्किल्डकडे पोचवावी व कलम ५ त्याला वाचून दाखवावे.

(हे कलम मी खोडतो. काल गुन्वोरबाईंना भेटून, साक्षीदार व्हाल का, असे विचारले आणि कागदाचा मसुदा दाखवला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, "काका, तो पंच्याऐंशीचा आहे. तुमच्या आधी गेला तर मी हे कोणाला वाचून दाखवू?" मग त्या म्हणाल्या, "आणि तो राहिला, तर शिव्या कोणाला घालेल? माझ्या या पाद्रीच्या कॉलरला?" मी मेल्यावर सांगायचे ठरवले होते ते त्याच्यासाठी नव्हते. त्याचे तोंड मला बघायला लागू नये म्हणून होते.)

कलम ७. म्हणून असे ठरवतो. या कागदाला दोन साक्षीदार लागतात. पहिल्या गुन्वोरबाई. दुसरा एस्किल्ड. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, पण त्याने वाचावा, कलम ५ सकट, आणि वाचताना मी समोर बसेन. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. ती अडचण नाही. बारा तुकडे आणि बत्तीस पटाशा मी एस्किल्डला देत नाही. त्या माझ्या कधी नव्हत्याच. सहीच्या आधी त्या टेबलावर असतील, त्याच्या बाजूला. पटाशांना मी दर महिन्याला धार लावली आहे. एकीनेही लाकूड कापलेले नाही.

कलम ८. चर्चमधली नक्षी तशीच ठेवायची, काढायची, की माझे नाव पाटीवरून घासून काढायचे, हे एस्किल्ड सांगेल तसे समितीने करावे, अशी माझी विनंती. मी समितीला वेगळे पत्र लिहिले आहे. त्यात रेझिनचे वजन आणि माझी चूक दोन्ही आहेत.

कलम ९. त्याने सही केली नाही तर हा कागद कायद्याने अपुरा राहील आणि घर विबेकेला वारसाहक्काने जाईलच. तेव्हा त्याच्यावर कसलेही दडपण नाही. विबेके, होल्गरला होडी तू दे. आणि तुझ्या आईच्या साच्याचे काय झाले ते आता तुला कळले. मला माफ कर, असे मी तिला म्हणायला हवे होते. तुला म्हणतो.

येथपर्यंत मी लिहिले, वाचून पाहिले, ते माझेच आहे.

(सही) लाउरिट्स येन्सन बॉये
सोनरकिले, एरो, दिनांक १८ मार्च २०१८, रविवार

साक्षीदार पहिला: सही माझ्यासमोर झाली. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर होते. दुसऱ्या साक्षीदारांनी कागद संपूर्ण वाचला, त्याला पाऊण तास लागला. मध्ये ते एकदा बाहेर जाऊन उभे राहिले आणि परत आले. कॉफी कोणी प्यायले नाही.
(सही) गुन्वोर थाय्सन, पाद्री

साक्षीदार दुसरा: वाचले. डबा उघडला. उजव्या सिंहाची चारही बोटे जागेवर आहेत. दोनदा मोजली. लिहून देणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे, अक्कल कधीच नव्हती. पटाशा नेतो. धार बरी आहे. पत्ते आज नाही. पुढच्या रविवारचे बघू.
(सही) एस्किल्ड क्रोमान, लाकूड कोरणारा