मुद्दाम चुकलो

प्रिय दादा,

पत्र बघून हसशील. शाळा सोडल्यापासून मी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता हे आख्खं पत्र. पण तू तिसरा फोन हरवलास. अटलांटात तू ज्याच्या सोफ्यावर झोपतोस त्याचा पत्ता तेवढा मम्माकडे आहे.

आम्ही बऱ्या आहोत. म्हणजे दमलोय. शेंगांचा हंगाम आहे ना. मी आणि अर्लीन मावशी सकाळी सहापासून हायवेवर शेंगा उकडून विकायला पातेली लावतो. मिठाच्या पाण्यानं बोटांना चिरा पडल्यात. मावशी अजून गिऱ्हाइकांना सांगते, "माझा भाचा फुटबॉलमध्ये रिसीव्हर आहे, लांबून फेकलेला बॉल पळत झेलतो, टीव्हीवर दिसतो!" काल एका ट्रकवाल्यानं विचारलं, "कुठल्या टीममध्ये?" ती म्हणाली, "तू शेंगा खा."

पाच वर्षं, चार टीम. मला सगळं पाठ आहे. क्लब नवे खेळाडू निवडत होते आणि सहाव्या फेरीत तुझं नाव पुकारलं तेव्हा मम्मानं ओव्हनमधली कोंबडी जाळली होती. अकरा कॅच, एक टचडाउन. बाकी नुसतं सरावाच्या टीममध्ये दुसऱ्यांसाठी पळणं. आणि दर ऑगस्ट संपता संपता कुणीतरी येऊन म्हणणार, "कोचनी बोलावलंय, वही घेऊन ये." की तू टीमबाहेर, बॅग घेऊन घरी.

ती डावांची जाड वही! वर्गात मला मोठ्यानं वाचता यायचं नाही, सगळे फिदीफिदी हसायचे, म्हणून तर मी शाळा सोडली. पण तुझ्यासमोर पायरीवर बसून मी घडाघडा वाचायचे. तू डोळे मिटून सांगायचास, किती पावलं पळायचं, कुठं वळायचं, बॉल कुठल्या खांद्यावरून येणार. एक चूक नाही. तेव्हाच तू ती गंमत सांगितलीस. सीझनच्या आधी डॉक्टर पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं विचारतात. तेव्हा तुम्ही सगळे दोन-तीन मुद्दाम विसरता. म्हणजे पुढं डोक्याला मार बसून खरंच विसरायला झालं, तरी कागदावर फरक दिसत नाही आणि कुणी खेळ बंद करत नाही. "आम्ही डॉक्टरच्या वर आहोत, गोगलगाय," असं म्हणालास. मी पण हसले.

सप्टेंबरात तू घरी होतास. पायरीवर शेंगा निवडत होतो आपण. मी सहज पाच शब्द दिले आणि जरा वेळानं विचारले. तुला दोन आले. तू टोपी डोळ्यांवर ओढलीस आणि म्हणालास, "मुद्दाम चुकलो गं." दादा, तिथं डॉक्टर नव्हता. माझ्यासमोर कुणाला फसवायचं होतं तुला? त्याच आठवड्यात तू दोनदा दूध आणायला गेलास आणि दोनदा रिकाम्या हातानं आलास. मम्मा म्हणाली, "दमलाय पोरगा." मी काही बोलले नाही. मी कधी बोलते?

मंगळवारी घरचा फोन वाजला. मम्मा कामावर होती. मी फोन घेत नाही, तुला माहितीय, पण तो थांबेचना. एका क्लबचा माणूस होता. त्यांच्या दोन रिसीव्हरना लागलंय, तुझा फोन लागत नाही, तर शुक्रवारी तुला पाठवा म्हणाला. आवाज चांगला होता. "भाऊ फिट आहे ना?" मला फक्त हो म्हणायचं होतं. मी मान पण हलवली, फोनवर! आणि मग तोंडातून सगळं बाहेर आलं. पाच शब्द, दूध, मुद्दाम चुकणं. अडखळत, पण सगळं. तो "थँक यू, मिस," म्हणाला आणि फोन ठेवला. परत फोन आला नाही. आता येणार पण नाही. ते मी केलं. मम्माला अजून माहीत नाही, आधी तुला सांगतेय. शिव्या द्यायच्या तर घरी येऊन दे, पायरीवर बसून ऐकेन. ते पाच शब्द मी इथं लिहीत नाही. आठवले तर ये. नाही आठवले तरी ये.

तुझीच गोगलगाय,
जनाया